शेजारी देश चीनकडे झुकला, असं म्हणण्याआधी काय तपासायचं

परभणी जिल्ह्यातल्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: श्रीलंकेला २०२२ मध्ये आपण सावरलं, बांगलादेशाच्या जन्मात आपला हात होता, नेपाळशी रोटीबेटीचा व्यवहार आहे, मालदीवला प्यायच्या पाण्यापर्यंत सगळं पुरवलं. तरी यातला प्रत्येक देश संधी मिळाली की चीनच्या दारात जातो. मग भारताने हात आखडता का घेऊ नये? शेवटी त्याने एक ओळ जोडली आहे. घरचा कापूस मानवतच्या मोंढ्यात जातो आणि बांगलादेशाने आपलं सूत अडवल्याचं कारण सांगून भाव कमी दिला जातो. याचा परराष्ट्र धोरणाशी संबंध कसा लावायचा?

आधी प्रश्न जरा सरळ करून घेतो. तो उपकाराच्या भाषेत आला आहे: आम्ही दिलं, त्यांनी जाण ठेवली नाही. देशादेशांत हा हिशेब चालत नाही. खरा प्रश्न असा, की दोन-तीन मोठ्या सत्तांची चढाओढ चालू असताना मधला लहान देश काय करतो, आणि त्याला लागून असलेल्या मोठ्या देशाच्या, म्हणजे आपल्या, हातात नेमकं काय असतं. माझं काम कर्जकरारांचं आणि सीमेवरून होणाऱ्या मालवाहतुकीचं आहे. त्यामुळे भाषणं आणि फोटो मी नंतर बघतो. आधी अटी बघतो, तारखा बघतो, आणि त्याआधीच्या तीन-चार महिन्यांत आपण काय केलं होतं ते बघतो. असं बघत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. शेजाऱ्यांनी चीनशी व्यवहार करावा की नाही, हे आपल्या हातात नाही. आपला पुरवठा आणि आपला शब्द किती भरवशाचा, हे मात्र आपल्याच हातात आहे, आणि दुखणं बहुतेक वेळा तिथंच निघतं.

लहान देशाला दुसरं दार उघडं का ठेवावंसं वाटतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला कळायला लांब जायला नको. आपला मुलूख ज्या निजामाच्या राज्यात होता, तो अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठे, म्हैसूर, इंग्रज आणि फ्रेंच अशा चौघांच्या मध्ये सापडला होता. मार्च १७९५ मध्ये बीडच्या सीमेजवळ खर्ड्याला मराठ्यांनी त्याचा पराभव केला. इंग्रज मदतीला आले नाहीत, म्हणून त्याने रेमंड या फ्रेंच सेनानीची फौज वाढवली. इंग्रजांना ते खुपलं. १७९८ मध्ये तैनाती फौजेचा करार झाला, फ्रेंच पलटणी मोडल्या, आणि निजामापुढे एकच दार उरलं. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा खर्चही त्याच्या माथी आला, थकबाकी साचत गेली, आणि १८५३ मध्ये त्या बाकीपोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा भाग कंपनीच्या कारभाराखाली द्यावा लागला. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत आले. वऱ्हाड आलं नाही. एकाच बलाढ्य पाठीराख्यावर विसंबलं की काय होतं, ते आपल्याच जिल्ह्यांच्या इतिहासात आहे. काठमांडू, कोलंबो, माले इथले राज्यकर्ते आपल्याकडे बघतात तेव्हा त्यांच्या मनात हीच भीती असते, भारत कितीही चांगला वागला तरी.

नळदुर्गची गोष्ट ऐकली की श्रीलंकेतलं हंबनटोटा बंदर आठवतंच. पण तिथे घाईने तुलना करू नका. श्रीलंकेने २०१७ मध्ये ते बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीला दिलं आणि सुमारे १.१२ अब्ज डॉलर घेतले. हे पैसे बंदराचं कर्ज फेडून टाकायला गेले नाहीत. परकीय गंगाजळी सावरायला गेले. बंदराचं कर्ज कागदावर तसंच राहिलं. श्रीलंकेच्या परकीय कर्जाचा मोठा वाटा तर आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता. म्हणजे ‘चीनने कर्जात अडकवून बंदर घेतलं’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. कोलंबोला त्या वेळी डॉलर हवे होते आणि ते द्यायला चिनी कंपनी तयार होती. कोणाला, कशासाठी, किती दिवसांत पैसे हवे होते, हे तपासल्याशिवाय कुठल्याही कराराबद्दल मी मत देत नाही.

शिवाय ही फक्त भारत आणि चीनची ओढाताण नाही. अमेरिकेचं ५० कोटी डॉलरचं अनुदान नेपाळने २०१७ मध्ये स्वीकारलं, पण संसदेची मंजुरी मिळायला फेब्रुवारी २०२२ उजाडलं. मध्ये रस्त्यावर आंदोलनं झाली, चीनने नाराजी दाखवली. त्याच प्रकारचं अमेरिकी अनुदान श्रीलंकेत २०२० मध्ये बारगळलं. तीन गिऱ्हाइकं दारात असताना कोणता विक्रेता एकालाच माल देईल? आणि लहान देशाकडे विकायला असतं काय, तर जागा, बंदर, आंतरराष्ट्रीय मंचावरचं मत आणि मैत्रीचा शब्द.

आता पैशाकडे येतो, कारण बातम्यांत सगळ्यात कमी समजावलं जातं ते हेच. भारताकडून सवलतीचं कर्ज हवं असेल तर त्या देशाचं सरकार आपल्या दूतावासामार्फत प्रस्ताव देतं. परराष्ट्र मंत्रालय छाननी करतं, अर्थ मंत्रालयाची मान्यता लागते, मग एक्झिम बँक, म्हणजे भारताची निर्यात-आयात बँक, त्या सरकारशी करार करते. त्यानंतर प्रकल्प अहवाल, सल्लागार, आणि भारतीय कंपन्यांमधूनच निविदा. साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यावी लागते. बांधकाम जास्त असेल तर ही अट थोडी सैल होते. यातला प्रत्येक टप्पा रास्त आहे, पैसा करदात्यांचा आहे. अडचण अशी की टप्पे एकामागून एक चालतात. मध्ये त्या देशात निवडणूक आली, जमीन ताब्यात आली नाही, किंवा फार कमी दराने निविदा भरलेल्या कंत्राटदाराला काम परवडेनासं झालं, की वर्षं जातात. चिनी कंपनी अनेकदा आराखडा, कर्ज आणि यंत्रं एकत्रच घेऊन येते. खुली निविदा होतेच असं नाही, खर्च फुगतो, अटी जनतेला कळत नाहीत. पण पाच वर्षांनी मतं मागायला जाणाऱ्या मंत्र्याला उद्घाटनाची तारीख दिसत असते.

दोन्ही पद्धतींची फळं डोळ्यांसमोर आहेत. म्यानमारमधला कलादान प्रकल्प, म्हणजे सितवे बंदर, नदीमार्ग आणि मिझोरामपर्यंतचा रस्ता, याचा करार २००८ चा. बंदरात आपलं पहिलं मालवाहू जहाज लागलं मे २०२३ मध्ये, आणि पलेत्वापासून सीमेपर्यंतचा रस्ता तोवर रखडलेलाच होता. नंतर तो भागच बंडखोर आराकान आर्मीच्या ताब्यात गेला. दुसरीकडे पोखराचं विमानतळ. चिनी एक्झिम बँकेच्या २० कोटी डॉलरहून अधिक कर्जातून ते उभं राहिलं, १ जानेवारी २०२३ ला सुरू झालं, पण नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं मिळवायला झगडत राहिलं. विमानतळ चालायला हवाई मार्ग लागतात, आणि तिथे भारताची संमती लागते. चढाओढीत बांधलेल्या वास्तूचं असं होतं: पैसा एकाचा, वाट दुसऱ्याच्या हद्दीतून, आणि हप्ते तिसऱ्याच्या डोक्यावर.

आपलं काम वेळेत होतच नाही असं मुळीच नाही. बिहारमधल्या मोतिहारीपासून नेपाळमधल्या अमलेखगंजपर्यंतची ६९ किलोमीटरची इंधनवाहिनी ३० महिन्यांची मुदत असताना १५ महिन्यांत बांधली गेली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. का जमलं? बांधणारी इंडियन ऑइल, घेणारं नेपाळ ऑइल निगम. गिऱ्हाईक ठरलेलं, माल ठरलेला, निर्णय घेणारे मोजके. टँकरच्या रांगा गेल्या, गळती-चोरी कमी झाली, आणि तिचा फायदा नेपाळी माणसाला रोज मिळतो. मैत्री टिकवायची तर असली कामं शोधावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र पुरवठा अचानक तुटतो तेव्हा होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये नेपाळने नवी राज्यघटना लागू केली, भारताला लागून असलेल्या तराईच्या सपाट भागात मधेशी लोकांचं आंदोलन पेटलं आणि सीमेवरून इंधन, गॅस, औषधं जाणं जवळपास थांबलं. ते फेब्रुवारी २०१६ पर्यंत चाललं. नाकेबंदी आम्ही केली नाही, असं भारताने सांगितलं, पण एप्रिल २०१५ च्या भूकंपातून सावरू पाहणाऱ्या नेपाळी घरांत ते पटलं नाही. मार्च २०१६ मध्ये नेपाळच्या पंतप्रधानांनी बीजिंगला जाऊन पारगमनाचा, म्हणजे चीनमार्गे माल नेण्या-आणण्याचा, करार केला. चिनी बंदरं नेपाळपासून हजारो किलोमीटर दूर आहेत, त्या वाटेने माल परवडत नाही हे त्यांनाही माहीत होतं. करार मालासाठी नव्हताच. पुन्हा असं झालं तर म्हणायला दुसरा रस्ता हवा, म्हणून होता. भूतानसारख्या जिवलग शेजाऱ्याचंही तसंच. २०१३ च्या निवडणुकीच्या तोंडावर तिथल्या स्वयंपाकाच्या गॅस आणि रॉकेलवरची भारतीय सवलत बंद झाली. ती लगेच पूर्ववत केली गेली, पण ‘भारत चूल विझवू शकतो’ ही आठवण मागे राहिली.

कांद्याचं उदाहरण तर आपल्या वैजापूर-लासूरच्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२०, डिसेंबर २०२३: तिन्ही वेळा निर्यातबंदी एका अधिसूचनेने आली. इथे शेतकऱ्याचा भाव कोसळला, तिकडे ढाक्यात किमती भडकल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत जाहीरपणे म्हणाल्या की आधी कळवलं असतं तर दुसरीकडून सोय केली असती. ‘मी तर घरच्या स्वयंपाक्याला कांदा टाकू नकोस म्हणून सांगितलंय,’ असंही त्या म्हणाल्या. त्या भारताच्या जवळच्या मानल्या जात, म्हणून हसून बोलल्या. विरोधी विचाराच्या नेत्याने तेच वाक्य प्रचारात वापरलं असतं. शहरातला भाव आवरायला घेतलेला हा निर्णय शेतकरी आणि शेजारी दोघांनाही एकाच दिवशी दुखावतो, आणि त्या निर्णयाच्या वेळी परराष्ट्र खात्याचा आवाज क्षीण असतो, हे मला फार खटकतं.

यावर उपाय आहे, आणि तो आपण वापरलाही आहे. मालदीवमध्ये ‘इंडिया आउट’च्या घोषणेवर मोहम्मद मुइझ्झू अध्यक्ष म्हणून निवडून आले, भारतीय सैनिकांना मे २०२४ पर्यंत परत पाठवलं गेलं, समाजमाध्यमांवर बहिष्काराची लाट होती. नेमक्या त्याच काळात, एप्रिल २०२४ मध्ये, भारताने १९८१ च्या व्यापार कराराखाली मालदीवसाठी जीवनावश्यक मालाचा कोटा मंजूर केला: सुमारे ४२ कोटी अंडी, सुमारे ३५ हजार टन कांदा, शिवाय तांदूळ, पीठ, साखर, बटाटे, डाळ. कांद्यावर सरसकट बंदी असताना त्यांना चालू. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेच मुइझ्झू दिल्लीत आले आणि ४० कोटी डॉलर व ३ हजार कोटी रुपयांची चलन-अदलाबदलीची, म्हणजे अडचणीत परकीय चलन उसनं मिळण्याची, सोय घेऊन गेले. तेव्हा आपण हात आखडता घेतला असता तर माले आणखी दूर गेलं असतं. बांगलादेशालाही मार्च २०२४ मध्ये बंदीतून सूट देऊन ५० हजार टन कांदा मंजूर झाला, पण बंदीनंतर तीन महिन्यांनी. हाच कोटा बंदीच्या अधिसूचनेतच लिहिलेला असावा, एवढीच माझी मागणी आहे.

पाण्याचं दुखणं आपल्या भागाइतकं कोणाला कळणार? ऑक्टोबरात जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला की वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाड्यात जे होतं, तेच भारतातून बांगलादेशात जाणाऱ्या तीस्ता नदीवर होतं. फक्त तिथे खालच्या टोकाला दुसरा देश आहे. तीस्तेच्या पाणीवाटप कराराचा मसुदा सप्टेंबर २०११ मध्ये तयार होता, पश्चिम बंगाल सरकारच्या विरोधामुळे सही झाली नाही. ढाक्याने पुढे त्याच नदीच्या व्यवस्थापनासाठी चीनशी बोलणी केली. यात दिल्लीतल्या कोणाचा द्वेष नव्हता. आपल्याच संघराज्यातल्या एका राज्याची पाण्याची खरी गरज होती. म्हणून शेजाऱ्याला दोष देण्याआधी आपल्याकडचा कोणता दरवाजा बंद आहे, हे बघावं लागतं. १२ डिसेंबर १९९६ चा गंगा करार हे याच्या उलट उदाहरण. तो आकड्यांत लिहिला आहे. १ जानेवारी ते ३१ मे, दर १० दिवसांचा हिशेब. पश्चिम बंगालमधल्या फराक्का बंधाऱ्याला प्रवाह ७० हजार क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मा-निम्मा. ७० ते ७५ हजारांत बांगलादेशाला ३५ हजार आणि उरलेला आपल्याला. त्याहून जास्त असेल तर आपल्याला ४० हजार, बाकी त्यांना. तक्रारी राहिल्या, पण दोन्ही देशांत सरकारं बदलली तरी मोजणी चालू राहिली. त्याची मुदत ३० वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंतची.

मग कुठे कडक व्हायचं? सुरक्षेच्या बाबतीत, आणि तिथे आधी सांगून. ऑगस्ट २०२२ मध्ये युआन वांग ५ हे हेरगिरीचा संशय असलेलं चिनी जहाज हंबनटोटाला लागलं तेव्हा भारताने चिंता कळवली होती. पण श्रीलंकेची मदत थांबवली नाही. सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत चालू ठेवली, आणि जानेवारी २०२३ मध्ये कर्जफेरबदलाची, म्हणजे श्रीलंकेच्या कर्जफेडीच्या अटी सैल करण्याची, लेखी हमी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला सगळ्यांआधी दिली. पुढे २०२४ साठी श्रीलंकेने परदेशी संशोधन जहाजांवर वर्षभराची बंदी घातली. एकामुळे दुसरं झालं असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण बोलायला जागा राहिली ती मदत चालू होती म्हणून. नेपाळच्या बाबतीतही चिनी गुंतवणूक असलेल्या प्रकल्पाची वीज आपण घेत नाही. हा नियम नेपाळला आवडत नाही, पण तो लिहिलेला आहे, गुंतवणूकदाराला आधी कळतो, आणि त्याच्या जोडीला जानेवारी २०२४ मध्ये १० वर्षांत १० हजार मेगावॉट घेण्याचा करार आहे. लक्ष्मणरेषा आणि बाजारपेठ दोन्ही एकदम दाखवली की लहान देशाला हिशेब करता येतो.

अर्थात सगळं परिस्थितीवर अवलंबून असतं. पाकिस्तानला हे काहीच लागू होत नाही. तिथे चीनशी असलेलं नातं सौद्याचं नाही, लष्करी आहे. बांगलादेशात ऑगस्ट २०२४ ला शेख हसीनांना देश सोडावा लागला आणि आपली बरीच भिस्त एकाच पक्षावर होती हे उघडं पडलं. भरवशाचा पुरवठा असूनही अशा वेळी राग आपल्यावर निघतो. तिथे नव्या माणसांशी, विरोधकांशी, व्यापारी संघटनांशी ओळखी आधीपासून ठेवाव्या लागतात.

आता तुमच्या कापसाकडे. क्रम असा होता. मार्च २०२५ च्या अखेरीस बांगलादेशाच्या हंगामी सरकारचे प्रमुख चीनमध्ये आपल्या ईशान्येला समुद्र नसल्याबद्दल बोलले. ८ एप्रिलला भारताने आपल्या बंदरांतून आणि विमानतळांवरून त्यांचा माल तिसऱ्या देशात नेण्याची सवलत काढली. अधिकृत कारण गर्दीचं होतं. त्याच महिन्याच्या मध्याला बांगलादेशाने बेनापोलसह स्वतःच्या भू-बंदरांतून, म्हणजे सीमेवरच्या मालनाक्यांतून, भारतीय सूत घेणं थांबवलं. १७ मे रोजी आपण त्यांचे तयार कपडे जमिनीवरून येणं बंद केलं. फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता ही बंदरं ठेवली. राजकारण होतंच. पण सूतबंदीची मागणी त्यांच्या स्वतःच्या सूतगिरण्यांची होती, आणि समुद्रमार्गे सूत चालूच राहिलं. माल पोहोचायला दिवसांऐवजी आठवडे लागू लागले, गिरणीचं भांडवल अडकलं, तेवढा फटका खरा.

पण मोंढ्यातल्या भावावर त्या वर्षी याहून मोठी ओझी होती. १९ ऑगस्ट २०२५ पासून वर्षअखेरपर्यंत केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, आणि त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्यामुळे भाव कमी सांगताना कोणी एकट्या बांगलादेशाचं नाव घेतलं तर तीन गोष्टी विचारा: सूत कोणत्या बंदरातून जातंय, आयात शुल्काची सूट चालू आहे का, आणि आजच्या बोलीत हमीभावापासून किती तूट आहे. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये क्विंटल होता. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव मिळतो, त्यावर कपात होते आणि १२ टक्क्यांपुढे माल घेत नाहीत. म्हणून गाडी भरण्याआधी कापूस वाळवून ओलावा मोजून घ्या, आणि सीसीआयकडची नोंदणी हंगामाच्या सुरुवातीलाच करून ठेवा.